खांद्यापासून सुरुवात

लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की माझा कुर्ता सगळाच्या सगळा वर चढायचा. बाजूचे कट कमरेच्या वर यायचे. मग एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने कुर्ता धरून मी डोंबिवली ते सीएसएमटी उभी राहायचे. कित्येक वर्षं मला वाटत होतं, हे माझ्या अंगामुळे होतंय. कुर्ता घट्ट होतो म्हणून वर जातो, तर आणखी सैल घेऊ. डबल एक्सएलवरून ट्रिपल एक्सएलवर गेले, तिथून फोर एक्सएलवर. कुर्ता वर जायचा थांबला नाहीच, उलट जास्त जायला लागला. त्याचं खरं कारण मला गेल्या वर्षी कळलं, वयाच्या ४६व्या वर्षी. इतकी वर्षं ते कुणी सांगितलं नाही याची मला अजूनही हळहळ वाटते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ९१ किलो. लग्नात ५६ होतं. मधल्या काळात दोन बाळंतपणं झाली, थायरॉइड निघाला. वजनाचं काय करायचं ते मी आणि माझे डॉक्टर बघतोय, तो विषय इथे नको. कपड्यांच्या बाबतीत मात्र मी एक मोठी चूक करत होते. अंग कमी होईपर्यंत कपडे थांबवून ठेवले होते. चांगलं कापड आवडलं की घ्यायचं, आणि 'दहा किलो कमी झाले की शिवू' म्हणून कपाटात ठेवून द्यायचं. मंगळगिरीचं एक हिरवं कापड असं नऊ वर्षं पडून होतं. रोज अंगावर मात्र ढगळे, गडद रंगाचे, कसेही बसणारे कुर्ते.

माझी आजी माझ्यासारखीच होती. गावाकडे तिला 'अंगापिंडानं भरलेली' म्हणायचे, आणि तो शब्द कौतुकाने वापरला जायचा. ती नऊवारी नेसायची, चोळी घरी शिवायची, आणि तिला कधी पदर ओढून पोट झाकताना मी पाहिलं नाही. तिच्या चोळीचं माप तिच्याच अंगाचं होतं. माझ्या कपड्यांचं माप कुठल्या तरी कारखान्यात ठरलेलं होतं. हा फरक मला फार उशिरा उमगला.

दोन प्रसंग सांगते. पहिला एका मोठ्या दुकानातल्या ट्रायल रूममधला. कुर्ता डोक्यातून घातला, एक हात बाहीत गेला, दुसरा दंडापाशी अडकला. ना वर जाईना, ना खाली येईना. बाहेर नणंद उभी होती, तिला हाक मारायची लाज वाटली. पाच-सात मिनिटं मी आत तशीच उभी होते, घामाघूम. शेवटी शिवण उसवल्याचा आवाज आला. तो कुर्ता मी विकत घेतला आणि घरी येऊन गाठोड्यात टाकला. दुसरा प्रसंग एका टेलरकडचा. त्यांनी अंगावरच्या जाड कुर्त्यावरूनच टेप फिरवला, आकडा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाला ओरडून सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, या मापाला शिलाई जास्त पडेल." कापड जास्त लागतं, काम जास्त असतं, तर पैसे जास्त घ्यावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या आकड्याकडे दुकानातल्या चार माणसांनी वळून पाहिलं, आणि पुढची तीन वर्षं मी कुठल्याही टेलरकडे गेले नाही.

सुरुवात लेकीने करून दिली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. एका रविवारी कपाट आवरताना तिने मला ते हिरवं मंगळगिरी हातात देऊन विचारलं, "आई, हे कुणासाठी ठेवलंयस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी कपाट रिकामं केलं. जे आज अंगात शिरतं आणि ज्यात दोन तास बसता येतं, तेवढंच परत आत गेलं. तेरा कपडे उरले. बाकीच्यांतलं लग्नातलं ब्लाउज तेवढं मी ठेवलं. त्या ब्लाउजचा पुढे फार उपयोग झाला.

लेकीचं म्हणणं होतं लगेच खरेदीला जाऊ. पण ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आधी आतल्या कपड्यांचं बघ म्हणून सांगितलं. तिचं ऐकलं हे फार बरं झालं. आपल्याकडे या गोष्टीबद्दल बायका एकमेकींशीही बोलत नाहीत, म्हणून मी इथे जरा थांबणार आहे. मी वर्षानुवर्षं ४४ बी मापाची ब्रा घालत होते. घट्ट झाली की पुढचा आकडा घ्यायचा, एवढंच मला माहीत. घरी आरशासमोर टेप घेऊन मोजलं. छातीच्या खाली, बरगड्यांवर टेप घट्ट धरून ४० इंच आले. छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर सैलसर धरून ४५. या दोन मापांतला फरक म्हणजे कप. १ इंच फरक असेल तर ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी, आणि ५ ला डबल डी. म्हणजे माझं माप ४० डबल डी. मी घालत होते तिचा पट्टा चार इंच सैल आणि कप लहान होता. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर सरकतो आणि छातीचा सगळा भार खांद्यावरच्या दोन बारीक पट्ट्यांवर येतो. माझ्या दोन्ही खांद्यांवर बोटभर खोल वळ पडले होते. मी ते वयाचे, वजनाचे समजत होते. खरा आधार खालच्या पट्ट्याने द्यायचा असतो.

योग्य मापाची घातली तेव्हा छाती दोनेक इंच वर आली आणि पोट व छाती यांच्यामध्ये कंबर दिसायला लागली. ती होतीच, फक्त झाकली गेली होती. दुसरी गोष्ट त्याहून कामाची. छातीची उंची बदलली की ब्लाउजच्या टक्सची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांची, जागा बदलते. जुन्या ब्रावर माप देऊन शिवलेलं ब्लाउज नव्या ब्रावर चुकतं. म्हणून क्रम असाच ठेवावा. आधी आतला कपडा, मग टेलर.

टेलर म्हणजे आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे घरीच शिवणकाम करणाऱ्या एक बाई. वय साठीच्या पुढचं. सगळा परिसर त्यांना मावशी म्हणतो, मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी मी दारातच सांगून टाकलं, "मावशी, माप मोठं आहे. आकडा मोठ्याने बोलू नका." त्यांनी काही न बोलता दार लावून घेतलं, पंखा लावला, वही माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "ताई, मी मोजते, तुम्ही लिहा." त्या दिवशी पहिल्यांदा मी माझी सगळी मापं माझ्या हाताने लिहिली. खांदा १५. छाती ४५. कंबर ४२. पोट, बेंबीच्या खाली, ४६. सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४९. दंड १६½. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या भागाची, गोलाई १९. सोळा मापं घेतली त्यांनी. दुकानातला तो टेलर चार घेऊन थांबला होता.

मग त्यांनी माझा फोर एक्सएल कुर्ता मागितला, टेबलावर पसरला आणि टेप लावला. खांदा १८ भरला. माझ्या हाडापेक्षा तीन इंच जास्त. मी पिशवीतून लग्नातलं ब्लाउज काढलं. त्याचा खांदा १४½. म्हणजे पस्तीस किलो वाढूनही माझा खांदा अर्धा इंचच वाढला होता.

"हाड वाढत नाही ताई," मावशी म्हणाल्या. "कारखान्यात हे कुणी बघत नाही."

तयार कपड्यांचं गणित त्यांनी मला त्या दुपारी समजावलं. मधल्या मापाचा एक नमुना नीट घडवतात आणि तोच ठरावीक इंचांनी वाढवत वरची मापं काढतात. छाती वाढवली की सोबत खांदा वाढतो, गळा वाढतो, मुंढा खाली उतरतो. म्हणून मोठ्या मापाच्या कुर्त्यात छातीला जागा मिळते, पण खांद्याची शिवण दंडावर लोंबते, गळा घसरतो, आणि कुर्त्याची काख आपल्या काखेच्या तीन इंच खाली राहते. आता हात वर करा. बाही आधी ते तीन इंच भरून काढते, मग बाजूची शिवण ओढते, आणि शिवणीमागोमाग सगळा कुर्ता वर येतो. मुंढा जितका खाली तितका कुर्ता जास्त उचलला जातो. मी सैल सैल घेत गेले आणि दर वेळी मुंढा आणखी खाली नेत गेले.

हे ऐकल्यावर मला रडू आलं. इतकी वर्षं मी लोकलमध्ये स्वतःला कोसत उभी होते आणि प्रश्न तीन इंच कापडाचा होता.

नंतर वाचनात आलं की आपल्या देशात भारतीय अंगाचं असं प्रमाणित मापच नव्हतं. बऱ्याच कंपन्या अमेरिका-ब्रिटनच्या मापांवरून काम चालवत होत्या. म्हणून निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली, त्यात वेगवेगळ्या शहरांतल्या २५,००० माणसांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायचं ठरलं. त्या मापांचे कपडे दुकानात कधी येतील ते येवोत. तोवर टेप आपल्या घरात असावा. आणि तयार कपडा घ्यायचाच झाला तर एक बघावं. काही ठिकाणी लिहिलेला आकडा अंगाचा असतो, काही ठिकाणी कपड्याचा. ४५ छातीला सुती कुर्ता ४८-४९चा हवा. ४६ लिहिलेला कुर्ता कपड्याच्या मापाने असेल तर श्वास कोंडणार.

मावशींनी आधी मांजरपाटावर कच्चा कुर्ता शिवला. मांजरपाट म्हणजे ते पिवळसर, स्वस्त, कोरं कापड. मोठ्या धावदोऱ्याने जोडलेला, बाही फक्त टाचलेली. तो घालून त्यांनी मला हात वर करायला लावले, वाकायला लावलं, पाटावर मांडी घालून बसवलं. बसल्यावर सीट पसरते, उभ्याने घेतलेलं ४९ बसल्यावर ५२ होतं, हे मला माहीतच नव्हतं. म्हणूनच माझे कुर्ते मांडीवर आडव्या चुण्या टाकून बसायचे. त्यांनी कच्च्या कुर्त्यावर खडूने खुणा केल्या. खांदा १५वर आणला. मुंढा वर घेतला. दंडाला मोकळीक हवी म्हणून बाहीची रुंदी वाढवली, पण ती मुंढ्याला धक्का न लावता. यासाठी त्यांनी काखेत छोटा चौकोनी तुकडा बसवला. "हा चौबगला," म्हणाल्या. जुन्या सदऱ्याला, अंगरख्याला तो असायचाच, शेतात काम करणारा माणूस हात वर नेणार, कुदळ मारणार, त्याला काखेत मोकळीक लागणारच. कपडे कारखान्यात गेले आणि चौबगला मागे पडला.

कटाची जागाही त्यांनी बदलली. माझ्या सगळ्या कुर्त्यांचे कट कमरेखाली चार बोटांवर सुरू व्हायचे, म्हणजे नेमके पोटाच्या बाजूला, आणि तिथे ते फाकायचे. मावशींनी ते सीटच्या खाली आणले. पुढे-मागे दोन उभ्या शिवणी घेऊन त्यातच छातीचा फुगवटा आणि कंबरेची गोलाई सांभाळली. कंबरेला अगदी थोडं आत, घट्ट नाही. लांबी गुडघ्याच्या खाली दोन बोटं. पोटरीच्या जाड भागावर कुर्ता संपला की माझी उंची तुटते, हे आरशासमोर कापड वर-खाली धरून आम्ही दोघींनी पाहिलं.

कापडाबद्दल मी इतकी वर्षं चुकत होते ती गोष्ट निराळी. मऊ, अंगाला चिकटणारं कापड घेतलं तर बारीक दिसू, असा माझा समज. लायक्रा घातलेलं बनियनसारखं कापड प्रत्येक घडी, ब्राची प्रत्येक कड दाखवतं. दुसऱ्या टोकाला कडक खळ घातलेलं सुती कापड अंगापासून लांब उभं राहतं आणि आकारच पुसून टाकतं. मला बसलं ते मधलं. हातमागाचं मंगळगिरी, केम्ब्रिक, थोडं जड मलमल अस्तर लावून, आणि समारंभाला महेश्वरी. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ४९ इंचांच्या कुर्त्याचे त्यात दीड-दोन इंच गेले तर सगळं गणित बिघडतं. आणि मीटरची कंजुषी करू नये. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात माझ्या मापाचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी बसत नाही, एकाखाली एक घ्यावा लागतो. दुकानदार सवयीने अडीच मीटर फाडतो. मी तीन मागते.

नऊ वर्षं थांबलेल्या हिरव्या मंगळगिरीचा कुर्ता सव्वातीन मीटरमधून निघाला, चौबगल्यासकट. तो घालून मी पहिल्या दिवशी लोकलमध्ये चढले, कडी धरली. कुर्ता जागचा हलला नाही. दुसरा हात मोकळा होता. ठाण्यापर्यंत मला त्या हाताचं काय करावं कळत नव्हतं. मग मी पर्समधून पुस्तक काढलं.

'काळा घाल, बारीक दिसशील' आणि 'उभ्या रेषा घे' हे दोन सल्ले मला आयुष्यभर मिळाले आहेत. काळ्याशी माझं भांडण नाही, चंद्रकळा मला प्रिय आहे. पण एप्रिलच्या दुपारी फलाटावर काळा कुर्ता घालून उभं राहिल्यावर जो घाम येतो, त्यात कुणाचाही चेहरा प्रसन्न दिसत नाही. उभ्या रेषांचं असं की कुर्ता कुठे ओढला गेला की रेषा तिथे वाकते आणि ओढ लगेच दिसते. लेकीने सांगितलं, हेल्महोल्त्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उलट जास्त उभट आणि अरुंद दिसतो. तिने कागदावर काढून दाखवला, आणि खरंच दिसला. अंग काही चौकोन नाही, तेव्हा त्यावरून मी नियम करत नाही. पण त्या दिवसापासून नियम विचारणं सोडलं. कापड खांद्यावर टाकून खिडकीच्या उजेडात उभी राहते आणि चेहरा उजळतो की विझतो तेवढं बघते. मोरपंखी, कुंकवाचा लाल, हळदीच्या जवळ जाणारा पिवळा हे मला खुलतात. फिका गुलाबी आणि मातकट राखाडी मी आता कुणी भेट दिला तरी घेत नाही. नक्षीबद्दल माझं मत असं की अगदी बारीक बुट्टी माझ्या अंगावर हरवते, तळहाताएवढी अजरखची नक्षी छान बसते. फक्त कापताना टेलरला सांगून ठेवावं. मोठी दोन फुलं नेमकी छातीवर येऊ नयेत, याची काळजी कापतानाच घ्यावी लागते.

मांड्या एकमेकींवर घासून जी आग होते तिच्याबद्दलही लिहिते, कारण त्या दुखण्यामुळे मी साडी नेसणं सोडलं होतं. पावसाळ्यात ओल्या परकरात चालल्यावर कातडी सोलून निघायची. उपाय साधा निघाला. परकराच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती, मऊ चड्डी, सायकल चालवणाऱ्या मुली घालतात तशी. परकराची नाडीही बदलली. बारीक नाडी गच्च आवळल्याने माझ्या कमरेवर काळा वळ पडला होता. मावशींनी तीन बोटं रुंद पट्ट्याचा, आठ कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या आठ पट्ट्या जोडलेला, परकर शिवला. पट्टा पोटावर सपाट बसतो, कळ्यांमुळे चालताना पाय अडत नाहीत. बाजारात मिळणारा मासोळीच्या आकाराचा ताणाचा परकरही मी वापरून पाहिला. दिसायला छान. जेवण झाल्यावर मात्र मला तो काढावा लागला. ज्या कपड्यात पोटभर जेवता येत नाही तो माझ्या उपयोगाचा नाही.

आता साडी. दिवाळीच्या आधी आईने तिची जांभळी नारायणपेठ काढून दिली. "नेस, मला आता पेलवत नाही." मी घरी नेसून पाहिली तर निऱ्या जेमतेम चार. पूर्वी मी इथेच हार मानायचे. या वेळी वही काढली. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. ती आपल्याभोवती दोनदा फिरते. सीट ३८ असलेल्या बाईचे त्यात ७६ इंच जातात, माझे ९८. हे वरचे २२ इंच निऱ्यांतून जातात, आणि एका निरीला साधारण १० इंच कापड लागतं. म्हणजे माझ्या दोन निऱ्या कमी पडतात. मावशींना हे गणित दाखवल्यावर त्यांनी साडीच्या आतल्या टोकाला, जे कमरेत पहिलं खोचलं जातं तिथे, त्याच रंगाची अर्धा मीटर रुबिया, म्हणजे ब्लाउजला वापरतात ते साधं सुती कापड, जोडून दिली. ती पहिल्या फेऱ्यात आत जाते, कुणाला दिसत नाही. दोन निऱ्या परत आल्या. नव्या साड्यांच्या बाबतीत आणखी सोपं. साडीला जोडून येणारं ८० सेंटिमीटरचं ब्लाउजपीस मी कापतच नाही. तसंही कोपरापर्यंत बाहीचं माझं ब्लाउज त्यात निघत नाही, मीटरभर लागतं. ते साडीतच राहू देते आणि ब्लाउज निराळ्या कापडाचं करते.

नारायणपेठेवर ब्लाउज खणाचं हवं होतं. गुळेदगुड्डचा खण, आजीच्या चोळ्यांचा. पण खणाचा पन्हा अरुंद, एका खणात माझी पाठसुद्धा पुरी होईना. मावशींनी दोन खण घ्यायला लावले, काठ बाहीच्या खालच्या कडेला आणले आणि काखेत साध्या जांभळ्या रुबियाचा चौबगला बसवला. कटोरी काट, म्हणजे छातीचा भाग वाटीसारखा वेगळा कापून जोडलेला, कारण माझ्या मापाला एका टक्सने छातीचा आकार येत नाही, चुण्या पडतात. हूक पुढे, नेहमीच्या पाचऐवजी सात आणि जवळजवळ, म्हणजे मध्ये फट पडत नाही. आणि प्रत्येक शिवणीत आत दीड इंच कापड दाबून ठेवलं. ते बघून मी विचारलं, "मावशी, आणखी वाढेन असं वाटतं का तुम्हाला?" त्या हूक लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अंग वर्षभरात चारदा बदलतं ताई. वाढलं तर उसवायचं, उतरलं तर घालायचं. कपड्याने वाट बघायची, तुम्ही नाही."

डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जायची रीत आहे. तरुण मुलं-मुली नटूनथटून जमतात, गणपती मंदिरात दर्शन घेतात, रस्ताभर माणसंच माणसं. लग्नाआधी मी दर वर्षी जायचे. त्यानंतर कित्येक वर्षं गेले नव्हते, फराळाचं निमित्त सांगून. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नान करून मी नारायणपेठ नेसले. सहा निऱ्या, पदर गुडघ्यापर्यंत. लेक सोबत होती. तिच्या मैत्रिणी भेटल्या, त्यांच्या आया भेटल्या. एक जण म्हणाली, "बारीक झालीस का गं?" मी म्हटलं, "नाही, तेवढीच आहे. ब्लाउज मापाचं आहे." तिने माझ्या खांद्याकडे निरखून पाहिलं आणि बाही चिमटीत धरून उलटून बघितली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून मुंढ्याबद्दल बोललो.

सगळं जमलं असं नाही. जीन्स मला अजून सापडलेली नाही. कंबरेला बसते ती मांडीला अडते, मांडीला बसते ती कंबरेला चार इंच सुटते, आणि त्यात पट्टा घातला की मागे चुण्या येतात. मावशी पँट शिवत नाहीत. पावसाळी जाकिटाचंही तसंच. बिनबाह्यांचा कुर्ता शिवलाय, पण अजून तो घालून बाहेर गेले नाही. घरात घालते. दंड उघडे टाकायला मला अजून थोडा वेळ लागेल.

गेल्या आठवड्यात लोकलमध्ये माझ्या शेजारी माझ्याच अंगाची एक मुलगी उभी होती, पंचविशीतली. एका हातात कडी, दुसऱ्या हाताने कुर्ता खाली ओढून धरलेला. मी तिच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मान फिरवली. मी आपणहून बोलले. म्हटलं, तो तुझ्यामुळे वर जात नाहीये. हात वर करून माझा चौबगला दाखवला. आधी ती बावरली, मग वाकून नीट बघितलं, बोट लावून पाहिलं. मावशींचा नंबर घेतला. घाटकोपर आलं तशी दाराकडे सरकताना तिने विचारलं, "त्यांना सांगू काय पण? मला शिवणातलं काही कळत नाही."

"खांदा आणि मुंढा आधी मोजा म्हणावं," मी म्हटलं. "आणि तीन मीटर कापड घेऊन जा."